लंजिंगची साधने

लंजिंगची साधने : मधोमध उभ्या असलेल्या माणसाभोवती लांब दोरीवर घोडा वर्तुळात फिरवण्याच्या पद्धतीत (लंजिंग, जुन्या मराठीत कावा देणे) वापरले जाणारे सामान. घोड्याची मस्ती जिरवणे, तोंडी हुकूम शिकवणे, लंगडेपणा तपासणे, नव्या स्वाराची बैठक पक्की करणे अशा अनेक कामांसाठी लंजिंग होते. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नवशिका स्वार कित्येक महिने लगाम आणि रिकीब यांच्याशिवाय याच दोरीवरच्या घोड्यावर बसतो. घोड्याने ताठरपणा सोडावा, मान पुढे आणि खाली लांबवावी, पाठ मोकळी करावी, या हेतूने कोणते साधन निवडावे एवढाच या नोंदीचा विषय आहे.

मान लांबवण्याने पाठ का सुटते, हे शरीररचनेवरून कळते. घोड्याच्या कवटीच्या मागच्या भागापासून मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत एक जाड, लवचिक अस्थिबंध जातो आणि पुढे पाठीच्या मणक्यांवरून कमरेपर्यंत त्याचाच विस्तार असतो. डोके पुढे-खाली गेले की हा बंध ताणला जातो, उंचवट्यातील मणक्यांची उंच टोके पुढे ओढली जातात आणि त्यामागची पाठ वर उचलली जाते. पाठीच्या लांब स्नायूंना मग डोके पेलण्याच्या कामातून सुट्टी मिळते व ते चालीबरोबर आकसू-सैलावू लागतात. मात्र त्यासाठी नाक पुढे गेले पाहिजे. हनुवटी छातीकडे ओढून मान खाली दाबली तर वरून आकार तसाच दिसतो, पण आत कोंडी होते. जर्मन प्रशिक्षणपद्धतीच्या सहा पायऱ्यांत लयीनंतर लगेच, दुसऱ्या क्रमांकावर हा सैलपणा येतो. तोंडाशी संपर्क त्याच्यानंतरचा.

म्हणून साधन पारखताना एकच प्रश्न पुरतो : घोड्याने मान खाली घातली की दाब त्या क्षणी संपतो का? संपत असेल तर घोडा दोन-चार फेऱ्यांत शिकतो. संपत नसेल तर तो साधनाशी भांडतो किंवा त्यावर रेलतो.

सर्वांत आधी घ्यावे ते कॅव्हेसन. ही नाकावर बसणारी भक्कम मोहरकी असते. तिच्या नाकपट्टीवर सहसा तीन कड्या असतात व दोरी मधल्या कडीला लावतात, त्यामुळे दिशा बदलताना दोरी काढून पुन्हा लावावी लागत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय अश्वशाळांत हे साधन रुळलेले होते. फ्रान्सचा राजा तेरावा लुई याला घोडेस्वारी शिकवणारा आंत्वान द प्ल्युव्हिनेल आणि न्यूकॅसलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश (याचा ग्रंथ 1658 मध्ये अँटवर्पला छापला गेला) हे दोघेही कॅव्हेसनवर काम करत. ते आजही टिकून आहे, कारण त्याने तोंड मोकळे राहते. दोरी थेट बिटाच्या, म्हणजे तोंडातल्या लोखंडी दांडीच्या, आतल्या बाजूला बांधली तर प्रत्येक झटक्याला बिट तोंडातून आडवे सरकते. डोक्यावरून घेऊन पलीकडच्या बाजूला बांधली तर ते ओठांच्या कोपऱ्यांत वर चढते. ज्या घोड्याने बिटाकडे विश्वासाने मान लांबवावी असे आपण म्हणतो, त्यालाच बिटाने दुखवत राहणे हा उलटा व्यवहार झाला.

कॅव्हेसन नीट बसले नाही तर काहीच उपयोग नाही. नाकपट्टी गालाच्या हाडाच्या उभ्या कडेखाली सुमारे दोन बोटांवर यावी. त्याहून खाली नाकाचे हाड पातळ होत जाते, तिथे जड पट्टी चालत नाही. जबड्याखालचा मधला पट्टा मात्र घट्टच हवा. तो ढिला ठेवला की दोरी ताणताच सगळी मोहरकी फिरते आणि बाहेरच्या बाजूचा गालपट्टा थेट डोळ्यावर येतो. खरेदीच्या वेळी दोरी लावून, बाजूला ओढून हे पाहून घ्यावे. नाकपट्टीत धातू असेल तर तो सांध्यांचा व जाड अस्तराचा असावा. दातेरी पट्टीचा स्पॅनिश प्रकार अननुभवी हातात देण्यासारखा नाही.

दोरी साधारण 7 ते 8 मीटर लांब, सुती किंवा हाताला न कापणाऱ्या पट्टीची असते. तिच्याने 15 मीटरच्या आसपास व्यासाचे वर्तुळ होते. वर्तुळ याहून लहान करू नये. सांध्यांवर ताण येतो आणि घोडा तोल सावरण्यातच गुंतला की सैल होणार कसा? हातमोजे घालावेत, दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, घड्या घालून धरावी. चाबूक लांब वादीचा असतो, पण तो मारण्यासाठी नव्हे, इशाऱ्यासाठी. पाठीवर अस्तर लावलेला पट्टा (सर्सिंगल) आणि पायांना संरक्षक बूट एवढ्यावर मूळ संच पूर्ण होतो.

पुष्कळ घोडे या संचावरच, लयदार दुडकीत, दहा-पंधरा मिनिटांत मान सोडतात. घेणाऱ्याची नजर मात्र आधी जाते ती पुढच्या सामानाकडे.

त्यात सर्वांत रूढ साइड रेन. सर्सिंगलपासून बिटापर्यंत दोन्ही बाजूंना जाणारे हे पट्टे स्थिर संपर्क शिकवायला चांगले, पण त्यांची लांबी ठरलेली असते. आखूड बांधले की खाली जाणाऱ्या घोड्याला शेवटी बिटच अडवते. वापरायचेच तर नाक उभ्या रेषेच्या पुढे राहील इतके लांब, खांद्याच्या टोकाच्या उंचीवर आणि थोडी चाल झाल्यावरच लावावेत, नेता-आणताना काढावेत. रबरी कडीचे किंवा लवचिक पट्टे मऊ वाटतात, पण त्यांवर रेलायची सवय लवकर लागते.

पुढे-खाली ताणण्यासाठी यापेक्षा सरकते त्रिकोणी पट्टे, म्हणजे व्हिएन्ना रेन, सरस. पट्टा तंगापासून निघतो, बिटाच्या कडीतून सरकतो आणि बाजूने सर्सिंगलला मिळतो. मान खाली-वर झाली तरी तो कडीतून घसरत राहतो, त्यामुळे घोड्याला स्वतःची जागा शोधता येते.

शांबों हे फ्रेंच घोडदळातून आलेले साधन, एका अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाणारे. तंगाच्या कडीपासून निघणारी दोरी पुढच्या पायांमधून वर येते, दुभंगते, कानांमागच्या पट्टीवरच्या कड्यांतून जाऊन खाली बिटाला जोडली जाते. डोके वर उडाले की माथ्यावर आणि तोंडात दाब येतो. डोके उतरले की दोरी छातीखाली नुसती लोंबते. नाक पुढे काढायला ती कुठेच अडवत नाही. वरच्या प्रश्नाला सर्वांत स्वच्छ उत्तर देणारे साधन हेच. मात्र पहिल्या दिवशी ते इतके ढिले बांधावे की घोड्याला त्याचा पत्ताच लागू नये. अचानक माथ्यावर दाब आल्याने मागे उसळणारे घोडे असतात. शांबों दुडकीसाठी आहे. कँटरच्या वेगवान चालीला डोक्याची जी हालचाल लागते तिला ते आड येते. रने द गोग यांच्या नावाचे गोग हे त्याचेच पुढचे रूप. त्यात दोरी बिटावरून परत छातीकडे वळते, म्हणून नाक किती पुढे जाईल यावरही मर्यादा पडते.

ब्राझीलचे उडीपटू नेल्सन पेसोआ यांच्या नावाच्या संचात दोऱ्या मागच्या मांड्यांभोवतून येऊन बिटाला मिळतात. मागचा भाग जागा होतो हे खरे, पण मागच्या पायाची प्रत्येक हालचाल तोंडात पोचू शकते. जाणत्या हातात, थोडा वेळ, असे वापरण्याचे हे साधन. ताठर घोड्यावर पहिला उपाय नव्हे. माथ्यावरून जाणारी रबरी दोरी तर टाळावीच. ती ताणाला ताणाने उत्तर देते आणि पूर्ण कधीच सुटत नाही.

साधन लागू पडल्याच्या खुणा ठळक असतात. घोडा फुरफुरतो, जबडा हलवत बिट चघळतो, शेपूट डावी-उजवीकडे सैल झुलते, मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा त्याही पुढे पडतो. नाक जमिनीला टेकून पाय फरफटत असतील तर ती फक्त पुढच्या पायांवर टाकलेली वजनाची गोणी आहे. वीसेक मिनिटे, दोन्ही दिशांना सारखी, पुरे. कोणत्याही साधनाने मान उतरत नसेल तर पुढचे साधन विकत घेण्याआधी दात, पाठ आणि खोगीर तपासावे.

आंतरराष्ट्रीय ड्रेसाज स्पर्धेच्या सरावात एकाच दोरीने लंजिंग करता येते आणि साइड रेन चालतात.

महाराष्ट्रातल्या रायडिंग क्लबांत शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड बरेच असतात. तोंडात ताण आला की वेग वाढवायचा, ही त्यांची जुनी शिकवण. अशा घोड्याला आखूड साइड रेन बांधले की तो शांत होण्याऐवजी धावत सुटतो आणि मोतद्दाराचा खांदा निखळायची वेळ येते. त्याला आधी नुसते कॅव्हेसन. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचा बाजार भरतो. त्यांची मान मुळातच उंच बसवलेली, आणि नाचासाठी तयार केलेल्या घोड्यात डोके उंच धरण्यालाच किंमत येते. त्यांच्याकडून युरोपीय घोड्यासारखे गुडघ्यापर्यंत नाक उतरवण्याचा हट्ट धरू नये. तोंड छातीच्या पातळीवर आले, नाक पुढे गेले आणि सर्सिंगलखालची पाठ हलू लागली की त्या दिवसाचे काम झाले.