प्लगइन : स्टाइलशीट, ब्राउझर-सुसंगती आणि मराठी मजकूर

संकेतस्थळाच्या मूळ प्रणालीला हात न लावता तिच्यात नवी सोय जोडणारा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. अर्जाचा नमुना, दिनदर्शिका, बाजारभावाचा तक्ता या अशा सोयी. त्यांचे रंगरूप ठरवणारे सीएसएस नियम प्लगइन स्वतःच्या स्टाइलशीटमध्ये आणते. पानावर थीमचे, म्हणजे संकेतस्थळाचे एकूण रूप ठरवणाऱ्या साच्याचे, नियम मात्र आधीच असतात. सारख्या वजनाच्या दोन नियमांपैकी नंतर आलेला लागू होतो, आणि बहुतेक भांडणे इथेच सुरू होतात.

वर्डप्रेस या संकेतस्थळ-प्रणालीत (आरंभ २००३) स्टाइलशीट नाव, अवलंबित्व आणि आवृत्ती-क्रमांकासह रांगेत नोंदवतात. त्यामुळे एकच फाइल दोनदा उतरत नाही, आणि क्रमांक बदलला की ब्राउझर साठवलेल्या प्रतीऐवजी नवी मागवतो. वर्गनावांना स्वतःचा उपसर्ग लावणे आणि गरज असलेल्याच पानावर फाइल पाठवणे ही चांगल्या प्लगइनची लक्षणे. प्रत्येक नियमावर इतर नियमांना मागे सारणारा ‘इम्पॉर्टंट’चा शिक्का मारणे हा दुसऱ्याच्या मांडणीवरचा अन्याय आहे.

ब्राउझरचा प्रश्न मराठीला जुना आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या सांकेतिक फॉन्टवर चालत. पानासोबत उतरणारा मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीचा फॉन्ट फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये दिसे, इतरत्र निरर्थक रोमन अक्षरे उमटत. वर्डप्रेसने २०२१ मध्ये ५.८ या आवृत्तीपासून एक्स्प्लोरर ११ चा आधार काढला. आता प्लगइनने आधी सर्वत्र चालणारा साधा नियम द्यावा आणि नवा गुणधर्म, तो ब्राउझरला कळतो का हे पाहणाऱ्या ‘सपोर्ट्स’ या अटीखाली ठेवावा, ही रीत आहे.

देवनागरीची खरी कसोटी पुढे लागते, आणि केवळ रोमन मजकुरावर तपासलेले प्लगइन मराठीसाठी तपासलेले म्हणता येत नाही. उदाहरणार्थ, धामणगाव रेल्वे हे अमरावती जिल्ह्यातले, मुंबई–नागपूर लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. त्याचे नाव मथळ्यात घातले आणि प्लगइनने अक्षरांतर वाढवले, तर शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते. ओळीची उंची रोमनच्या मापाने आवळली आणि चौकटीबाहेरचे लपवले, तर वरच्या मात्रा नि खालचे उकार छाटले जातात. म्हणून अक्षरांतर शून्य ठेवावे, उंची सैल ठेवावी आणि फॉन्टची निवड थीमवर सोडावी. मुंबईच्या ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे मुक्त परवान्याचे फॉन्ट थीमला सहज वापरता येतात.

‘वऱ्हाड’ हा शब्द त्याहून कठीण. त्यातला अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र पुढे हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या प्लगइनने ते चिन्ह पुसले की ‘वर्हाड’ उमटते. हा दोष स्टाइलशीटमध्ये शोधून सापडत नाही. साठवणीची ही दोन्ही रूपे एकसारखी न केल्यास शोधपेटीला एकाच शब्दाची दुसरी नोंद दिसत नाही.

भाषेची खूणही प्लगइनने जपावी लागते. पानावर मराठीचा ‘एमआर’ संकेत असेल आणि फॉन्टमध्ये मराठी रूपे असतील, तर ‘तालुका’तला ल आणि ‘शाळा’तला श मराठी वळणाचे येतात. प्लगइनने आपल्या चौकटीला इंग्रजीची खूण लावली, तर तेच शब्द शेजारच्या परिच्छेदाहून निराळ्या वळणाने दिसतात.