ताईमहाराज प्रकरण : पुढाऱ्याचे खासगी चारित्र्य आणि पक्षबद्ध वृत्तपत्रे

बीजशब्द : ताईमहाराज खटला, केसरी, इंदुप्रकाश, व्हॅलेंटाईन चिरोल, वृत्तपत्रीय पक्षपात

राजकीय पुढाऱ्यांच्या खासगी आयुष्यातील प्रवाद आणि त्यांविषयीचा वृत्तपत्रांचा पक्षपात यांची चर्चा आपल्याकडे बहुधा अलीकडच्या घटनांपुरती मर्यादित राहते. वस्तुतः पुण्यातील ताईमहाराज प्रकरणात हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच पूर्णत्वाने उभा राहिलेला दिसतो.

प्रथम वर्गाचे सरदार बाबामहाराज पंडित हे ऑगस्ट १८९७ मध्ये निवर्तले. मृत्युपत्रान्वये नेमलेल्या विश्वस्तांत लोकमान्य टिळक व दादासाहेब खापर्डे होते. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ या मुलाचे दत्तविधान झाले. पुढे बाबामहाराजांच्या अल्पवयीन विधवा ताईमहाराज यांनी ते नाकारून कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. एका घराण्यातील दत्तकाचा हा तंटा; परंतु विश्वस्त टिळक असल्यामुळे तो त्यांच्या चारित्र्याचा खटला बनला. खोट्या साक्षीच्या आरोपाखाली १९०३ मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले.

त्या काळी पुण्या-मुंबईतील प्रमुख पत्रे कोणत्या ना कोणत्या पक्षाची मुखपत्रे होती, हे येथे ध्यानात ठेवावे लागते. ‘केसरी’ तर आरोपीच्याच हाती होता. मवाळ व सुधारक पत्रांशी टिळकांचे वैर संमतिवयाच्या वादापासून चालत आलेले होते. १९१० मध्ये दिवाणी दाव्यात उच्च न्यायालयाने टिळकपक्षाविरुद्ध निकाल दिला, त्या पीठातील न्या. नारायण गणेश चंदावरकर हे पूर्वी ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी विभागाचे संपादक होते. त्यावरून हेत्वारोप करणे अनुचित होय. मात्र वृत्तपत्र, सुधारणा-चळवळ आणि न्यायासन यांचे वर्तुळ किती लहान होते, हे त्यावरून कळते.

याच वर्षी लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाईन चिरोल यांचा ‘इंडियन अनरेस्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात राजकीय आरोपांच्या जोडीला ताईमहाराज प्रकरणही टिळकांना प्रतिकूल अशा रीतीने गोवलेले होते. राजकीय मताशी वाद घालण्याऐवजी माणसाच्या सचोटीवर बोट ठेवणे अधिक सोपे, आणि दूरच्या वाचकाला अधिक पटणारे. १९१५ मध्ये प्रीव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरविला. एखाद्या साक्षीदाराविरुद्ध कागदपत्रांचा उपयोग करावयाचा असेल, तर उलटतपासणीतच त्याला खुलाशाची संधी दिली पाहिजे, हे या निकालातील तत्त्व भारतीय न्यायालयांत पुढेही आधार म्हणून घेतले गेले. वृत्तपत्रावर असे बंधन नव्हते. टिळकांनी चिरोल यांच्यावर लंडनमध्ये लावलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यात फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्यूरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला. प्रीव्ही कौन्सिलमधील चार वर्षांपूर्वीचा विजय तेथे टिळकांना तारू शकला नाही.

तथापि या इतिहासात टिळकांना केवळ बळी मानणे एकांगी ठरेल. १८८२ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर छत्रपती शिवाजीमहाराजांच्या (चौथे) छळाचा आरोप केला. ज्या पत्रांवर तो आधारलेला होता ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरीही आगरकर व टिळक यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. तुरुंगातून सुटल्यावर त्यांचे पुण्यात वीरांसारखे स्वागत झाले. बर्वे यांच्या झालेल्या बदनामीची आठवण मात्र चरित्रग्रंथांत क्वचितच रेंगाळते.

ताईमहाराजांची स्थिती याहून विलक्षण आहे. टिळकांच्या पक्षाला त्या इतरांच्या सल्ल्याने फिरलेल्या वाटल्या, तर विरोधकांना टिळकांवर वापरण्याचे साधन. दत्तक कोणाला घ्यावे याविषयी त्या तरुण विधवेची स्वतःची काही इच्छा असू शकते, हा विचार दोन्ही गोटांच्या लेखनात गौणच राहिला. खटला त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचे शब्द मात्र न्यायालयीन जबानीच्या, म्हणजे वकिलांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांच्या रूपातच शोधावे लागतात.