थंडरबर्डची पारख
फोर्डची १९५५ ची थंडरबर्ड दोनच आसनांची होती. रॉबर्ट मॅक्नमारा (हेच पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री) यांच्या आग्रहाने १९५८ मध्ये ती चार आसनांची झाली. आदल्या वर्षी २१,३८० गाड्या तयार झाल्या होत्या, त्या वर्षी ३७,८९२! ऐषारामी वैयक्तिक मोटारींचा नवा वर्गच त्यातून उभा राहिला. मात्र गाडी बुटकी राहावी म्हणून वेगळी चासी वगळली गेली आणि सारा भार पत्र्याच्या अखंड सांगाड्यावर आला. म्हणूनच आज ती विकत घेणारा जाणकार क्रोमच्या झगमगाटाला भुलत नाही. तो आधी गाडीखाली वाकतो. तळ आणि दारांखालचा पत्रा गंजला असेल, तर गाडीचा कणाच खचलेला असतो. ताज्या रंगावर लोहचुंबक धरले आणि ते चिकटले नाही, तर आत जाड पुट्टी आहे असे समजावे. इंजिनाची चिंता त्यामानाने कमी. ३०० अश्वशक्तीचे ते व्ही-८ उतरवून नव्याने बांधता येते.