केमोचं औषध आधी गाठीवर तपासता येईल का? ऑर्गनॉइडची गोष्ट

मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेले रुग्ण अनेकदा विचारतात, "डॉक्टर, औषध मला देण्याआधी माझ्या गाठीच्या तुकड्यावर तपासून नाही का बघता येणार?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू या.

आपल्या आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते. हे काम अस्तरातल्या सूक्ष्म खळग्यांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल्स करतात. नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये या पेशी नेमक्या ओळखल्या. २००९ मध्ये तिथल्याच तोशिरो सातो यांनी उंदराची अशी एकच पेशी जेलीसारख्या पदार्थात ठेवून वाढवली. तिच्यापासून खळग्यांसकट इवलेसे आतडे तयार झाले! हाच ऑर्गनॉइड. २०११ मध्ये माणसाच्या आतड्यापासून आणि कॅन्सरच्या गाठीपासूनही ऑर्गनॉइड वाढवता आले. २०१५ मध्ये २० रुग्णांच्या गाठींची 'जिवंत पेढी' उभी राहिली आणि त्यांवर अनेक औषधे तपासली गेली.

मग खरी परीक्षा आली. लंडनच्या २०१८ च्या अभ्यासात जे औषध ऑर्गनॉइडवर चालले नाही, ते रुग्णालाही लागू पडले नाही. जे चालले, ते सुमारे ८८ टक्के वेळा रुग्णालाही लागू पडले. मात्र अशा तुलना थोड्याच होत्या. २०१९ मध्ये डच संशोधकांना इरिनोटेकॅनबाबत चांगला अंदाज बांधता आला. पण फाइव्ह-एफयू आणि ऑक्सॅलिप्लॅटिन या नेहमीच्या जोडीबाबत तो जमला नाही.

२०२१ चा अनुभव अधिक बोलका आहे. ६१ रुग्णांपैकी ३१ जणांचेच ऑर्गनॉइड वाढले. त्यांवरील चाचणीनुसार सहा जणांना नवी औषधे दिली. एकाचीही गाठ म्हणावी तशी आकसली नाही. बशीतल्या गाठीला रक्तवाहिन्या नसतात, प्रतिकारशक्तीच्या पेशी नसतात. शरीर म्हणजे बशी नव्हे.

म्हणून आज तुमचे औषध केवळ ऑर्गनॉइडवरून ठरवता येत नाही. अशा चाचणीची वाट पाहत केमो लांबवू नका. त्याऐवजी, "माझ्या गाठीची एमएसआय, आणि आजार पसरला असेल तर रास व बीराफ तपासणी झाली आहे का?" असे तुमच्या कॅन्सरतज्ज्ञांना जरूर विचारा. या तपासण्यांवरून औषध निवडायला आजही खरी मदत होते.