तळटीप : 2013चे कांस्यपदक

ज्युनियर मुलींच्या या पदकाची लेखकाने एका वाक्यात बोळवण केली आहे; ती अन्यायाची वाटते. जर्मनीतल्या म्योन्शेनग्लाडबाखला 2013च्या ज्युनियर हॉकी विश्वचषकात भारताने इंग्लंडला शूटआउटमध्ये हरवून कांस्य मिळवले. कर्णधार होती सुशीला चानू, स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू राणी रामपाल. राणी आणि वंदना कटारिया आधीच वरिष्ठ संघातून खेळत होत्या, तेव्हा या पदकाने त्यांना घडवले नाही, हा आक्षेप रास्त आहे. रिओत 2016 साली सुशीलाच्या नेतृत्वाखालचा संघ शेवटचा आला, हेही खरे. पण वरिष्ठ संघ लंडन ऑलिंपिकला पात्रही ठरला नव्हता. त्यामुळे पदकासाठीच्या निर्णायक लढतीचा ताण सुशीला, राणी आणि वंदना या तिघींनी एकत्र पेलला तो या ज्युनियर स्पर्धेत. टोकियोत चौथ्या आलेल्या संघात तिघीही होत्या.