हिमोग्लोबिन जास्त आलंय? पॉलिसायथेमिया व्हेरा कसा ओळखतात

हिमोग्लोबिन कमी असल्याची धास्ती घराघरांत असते. ते जास्त आलं, तर मात्र ‘रक्त भरपूर आहे’ म्हणत रिपोर्ट फाईलमध्ये जातो. पॉलिसायथेमिया व्हेरा नेमका तिथेच निसटतो.

या आजारात अस्थिमज्जा गरज नसतानाही तांबड्या पेशी बनवत राहते. रक्ताच्या कर्करोगांच्या गटात मोडणारा, पण सावकाश वाढणारा हा आजार. रक्त घट्ट होतं, गुठळ्यांचा धोका वाढतो. निदान बहुधा साठीच्या आसपास होतं. काहींच्या बाबतीत पहिली खूण थेट पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका असते.

डोकेदुखी, चक्कर, थकवा ही लक्षणं कशानेही होतात. एक लक्षण मात्र वेगळं आहे: गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगावर पुरळ नसताना सुटणारी खाज. यात साबण बदलून उपयोग होत नाही. तळहात-तळपायांची आग होते, चेहरा लालसर होतो (सावळ्या त्वचेवर ही लाली चटकन दिसत नाही). प्लीहा वाढली, तर डाव्या बरगडीखाली जड वाटतं आणि थोडं खाऊनही पोट भरतं.

शंका येते ती साध्या सीबीसी तपासणीतून. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ आणि स्त्रियांत १६ च्या वर, किंवा हिमॅटोक्रिट अनुक्रमे ४९ आणि ४८ टक्क्यांच्या वर असेल, तर पुढचा तपास हवा. पण तेवढ्यावरून घाबरू नये. शरीरातलं पाणी कमी होणं, धूम्रपान, फुप्फुसांचे आजार, घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकणं, जिममधली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, यांनीही आकडे चढतात.

खरा उलगडा जॅक-२ जनुकाच्या रक्तचाचणीने होतो. २००५ मध्ये सापडलेला या जनुकातला बदल सुमारे ९५ टक्के रुग्णांत आढळतो. सोबत एरिथ्रोपोएटिनची पातळी पाहतात. या आजारात ती बहुधा कमी असते. अनेकदा अस्थिमज्जेचा नमुनाही घ्यावा लागतो.

एक चकवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. शरीरातलं लोह संपलं, की हिमोग्लोबिन ‘नॉर्मल’ दिसू शकतं, पण तांबड्या पेशींची संख्या जास्त आणि आकार लहान असतो. अशा वेळी मनाने लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तर पेशी झपाट्याने वाढू शकतात. उपचारात तर उलट ठरावीक काळाने रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवतात. सोबत कमी मात्रेत ॲस्पिरिन असतं, तेही रक्तविकारतज्ज्ञांनी सांगितलं तरच.