पाठच्या भावाचे बिऱ्हाड

परमुलखात नोकरीला असलेल्या माणसाकडे सख्खा भाऊ येऊन राहिला म्हणजे काय होते, हे तुम्हांला मी सांगायला नको. पहिले दोन दिवस गप्पांना खळ पडत नाही. मग हळूहळू जेवणाच्या वेळा चुकू लागतात, खुर्चीवर कपड्यांचा ढीग साचतो, आणि यजमानाच्या मनात असे काहीतरी येते की ते त्याला धड बोलताही येत नाही आणि गिळताही येत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट सापडत नाही. तह सापडतात, लढाया सापडतात. भावाचे बिऱ्हाड सापडत नाही. आज अशाच एका बिऱ्हाडाची हकीकत सांगणार आहे.

गाव पॅरिस. साल १८८६. थिओ व्हॅन गॉग हा २८ वर्षांचा डच तरुण तिथे एका मोठ्या चित्रविक्रेत्यांच्या पेढीत होता. बुलेव्हार मोंमार्त्रवरची शाखा तो सांभाळी. हॉलंडातल्या एका पाद्र्याचा हा मुलगा, आपल्या कष्टाने परक्या शहरात स्थिरावलेला. त्याचा थोरला भाऊ व्हिन्सेंट. यानेही पूर्वी त्याच पेढीत नोकरी केली होती. १८७६ साली ती सुटली. पुढे शिक्षकी, पुस्तकांचे दुकान, धर्मप्रचार असे सारे करून तो चित्रकलेकडे वळला होता. मिळकत शून्य. धाकट्याने दरमहा पैसे पाठवायचे आणि थोरल्याने चित्रे काढायची, असा त्यांचा रिवाज पडला होता. पुढे ही रक्कम महिना १५० फ्रँकवर गेली. आपल्याकडे थोरल्याने धाकट्याला पोसायचे असते. इथे उलटे होते, आणि हे उलटेपण दोघांनाही टोचत असणार.

व्हिन्सेंट तेव्हा अँटवर्पला होता. पॅरिसला यायचे ठरत होते. पण मोठी जागा मिळेपर्यंत जरा थांब, असे थिओचे म्हणणे होते. थांबतो कोण? फेब्रुवारीच्या अखेरीस एके दिवशी थिओच्या हाती एक चिठ्ठी पडली: मी आलो आहे, दुपारी लूव्रच्या संग्रहालयात भेट. झालं! पाहुणा दारात नव्हे, पण शहरात येऊन उभा राहिला होता.

थिओची जागा लहान, तिथे चित्र काढायला कोपराही नव्हता. म्हणून जून महिन्यात दोघांनी मोंमार्त्रच्या टेकडीवर, रू लेपिकवरील ५४ क्रमांकाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड थाटले. तीन बऱ्यापैकी खोल्या, एक छोटी खोली आणि स्वयंपाकघर. छोट्या खोलीत व्हिन्सेंट निजे, मागची खोली त्याच्या रंगांची. भाडे अर्थातच थिओचे.

आता इतिहास लिहिणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. व्हिन्सेंटची सुमारे आठशे पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतली साडेसहाशेहून अधिक थिओला लिहिलेली आहेत. त्याने काय खाल्ले, कुठला रंग वापरला, कुणाशी भांडला, सारे त्यांत आहे. पण पॅरिसच्या या दोन वर्षांत थिओला लिहिलेली पत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण उघड आहे. एकाच छपराखाली राहणारे भाऊ एकमेकांना पत्रे कशाला लिहितील? भाऊ दूर असला की इतिहास बोलतो. भाऊ घरी आला की मुका होतो.

मग आपल्याला जे कळते ते कसे कळते? तुमच्याआमच्या घरी कळते तसेच. भावाचे गाऱ्हाणे बहिणीजवळ! मार्च १८८७ मध्ये थिओने धाकटी बहीण विल हिला लिहिले की घरात राहणे असह्य झाले आहे; कुणी येईनासे झाले, कारण आला की भांडण ठरलेले; शिवाय पसारा असा की घराला घरपण नाही. या एका माणसात जणू दोन माणसे आहेत, एक गुणी आणि हळवा, दुसरा आपमतलबी आणि कठोर, असेही त्याने लिहिले. त्याने आपण होऊन दुसरीकडे राहायला जावे, एवढीच त्याची इच्छा होती.

विलचा सल्ला सरळ होता: सोडून दे त्याला. थिओने काय केले? त्याने लिहिले की दुसरा कुठला धंदा असता तर केव्हाच तसे केले असते. पण हा चित्रकार आहे, आणि आज काढतो ते पुढे त्याच्या उपयोगी पडेल. तेव्हा मदत चालूच राहील.

इथे मी वर्गात मुलांना थांबवतो, तसे तुम्हांलाही थांबवतो. व्हिन्सेंट पुढे कोण झाला, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून थिओचे वागणे आपल्याला शहाणपणाचे वाटते. पण १८८७ च्या त्या मार्च महिन्यात थिओला ते ठाऊक नव्हते. त्याच्यासमोर होते न विकले जाणारे कॅनव्हास, तुटलेले मित्र आणि स्वतःची ढासळलेली प्रकृती. शेवट पाठ करून आरंभाचा न्याय करू नये, हा इतिहासाचा पहिला नियम आहे. तो पाळला म्हणजे यजमानाची खरी उंची दिसते.

एप्रिलमध्ये भावांचा समेट झाला. १९ फेब्रुवारी १८८८ रोजी व्हिन्सेंट दक्षिणेकडे आर्लला निघून गेला. दोन वर्षांत दोनशेहून अधिक चित्रे झाली होती, आणि काळपट रंगांच्या जागी उजळ रंग आले होते. आता तरी थिओने सुटकेचा श्वास टाकला असेल ना? तसे झाले नाही. त्याने विलला कळवले की एकटे राहणे चमत्कारिक वाटते, व्हिन्सेंटसारख्या माणसाची जागा सहजी भरून निघत नाही. वर्षापूर्वी 'हा जावा' म्हणणारा हाच तो भाऊ! यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. भाऊबहिणींचे हे असेच असते.

आर्लहून पुन्हा पत्रे सुरू झाली आणि इतिहासाला वाचा फुटली. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला. जानेवारी १८९१ मध्ये, सहा महिन्यांच्या आतच, थिओही गेला. त्याने जपून ठेवलेली पत्रे त्याची पत्नी योहाना हिने १९१४ मध्ये प्रसिद्ध केली.

व्हिन्सेंटचे १८८७ सालचे एक चित्र ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून दिसणारी पॅरिसची घरे आणि पलीकडचे आकाश. त्याचे नकलचित्र कुठे पाहिलेत, तर घरांबरोबर त्या खिडकीचीही आठवण ठेवा. भाडे थिओ भरत होता.